स्वप्नाच्या लॅपटॉपबाबत

उमापूर, ११ मे

रोहिणी,

वर काय लिहावं ते कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. रंगपंचमीला फोनवर आपलं जे झालं, त्यानंतर तूच म्हणलीस की यापुढं जे सांगायचं ते लिहून पाठवा, स्वप्नाच्या हाती द्या, तुमचा आवाज ऐकला की माझं डोकं फिरतं. म्हणून हे लिहितोय. पाकीट चिकटवलंय. पोरीला बजावलंय, उघडायचं नाही.

विषय एकच, लॅपटॉप. दुसरं काही लिहिणार नाही.

बारावीला चांगले मार्क पडले तर दोघं मिळून घेऊन देऊ, असं आपण तिला कबूल केलतं. बोलत नव्हतो तरी ह्या एका गोष्टीवर आपलं जमलं होतं. तिनं तिचं काम केलं. निकाल लागला तेव्हा ती इकडंच होती. आईनं गल्लीत घरोघर साखर वाटली, आन वाटताना प्रत्येकाला सांगितलं, "कंपूटरात पहिली आलीय माझी नात." पहिली वगैरे काही आलेली नाही. पण आईला कोण सांगणार?

स्वप्ना म्हणते, "पप्पा, अभ्यासाचा म्हणून एखादं डबडं आणू नका. मला गेम चालंल असाच पायजे. खेळायला बी आन बनवायला बी." बनवायला म्हणजे गेम तयार करायला. तिला तेच शिकायचंय, हे तुला माहीत असंलच. मला परवा कळलं.

ती इथं आली की मेंढरांच्या वाड्याला टेकून मोबाइलवर खेळत बसते. मी शेजारी बसून बघतो. चार-पाच पोरींची टोळी आहे तिची, कोण परभणीची, कोण आसामची, एकमेकींचं तोंड कधी बघितलेलं नाही. ऐन मोक्याला मोबाइल अडकतो आन हिला गोळी लागते. एवढा तापतो की ती ओल्या फडक्यात गुंडाळून खेळते. तिकडं पोरी ओरडत असतात, इकडं ही मोबाइलला फुंकर मारत असते. बघवत नाही मला.

म्हणून परवा बीडला जाऊन आलो. तुझ्या दवाखान्यावरूनच गेलो. तुझी ड्युटी कोणती ते माहीत नव्हतं, म्हणून आत आलो नाही.

शिवशंकर आठवतो का? गेवराईला कॉलेजात माझ्या बाकावर होता, आपल्या लग्नात वाढायला होता. त्याचं आता कॉम्प्युटरचं मोठं दुकान आहे. त्यानं दोन मशीन दाखवली. एक मोठं, जाड, काळं. पाट्यासारखं. त्यात ग्राफिक्स कार्ड जोरदार आहे, स्क्रीन ऐसपैस आहे, आन आपल्या ऐपतीत बसतं. दुसरं लहान, वहीसारखं बारीक. कार्ड जवळपास तेच, पण किंमत ऐकून मी हातातलं खाली ठेवलं. शिवशंकर म्हणला, "जीवन, गेमचं मशीन स्वस्त पायजे, ताकदीचं पायजे आन हलकं पायजे, असं तिन्ही मिळत न्हाई. एक सोडावं लागतंय."

मी म्हणतो, हलकं सोडू. तिला कुठं हिंडायचंय ते घेऊन? मोठ्या मशीनला पंखे मोठे, हवा खेळती राहते. आपल्याकडचा उन्हाळा बारक्या मशीनला सोसायचा नाही.

आबांची खोली ते गेल्यापासून बंदच होती. ती झाडून चुना मारून घेतली. टेबल करून घेतलं, इन्व्हर्टर लावला, वायफायवाला वायर ओढून गेला. चार वर्षं पोरगी शाळेसाठी तुझ्याजवळ राहिली, ते बरोबरच होतं. आता कॉलेज कुठंही असू दे, सुट्ट्या तर पडतील. मशीन इथं टेबलावर राहील, ती येईल तशी खेळंल.

तुझं मत कळव.

जीवन


उमापूर, २६ मे

रोहिणी,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळी. "हलकाच घ्या. वजन कमी असणं सगळ्यात महत्त्वाचं. कारण भेटल्यावर सांगेन. पैसे कमी पडले तर माझ्याकडून जास्त घ्या." मी दोन्ही बाजू बघितल्या, मागं आणखी काही आहे का म्हणून.

कारण भेटल्यावर सांगणार होतीस. भेटलो तर शनिवारी दुकानात, आन तू काही सांगितलं नाहीस.

तू ड्युटीवरून यायच्या आधी काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो. स्वप्नानं दोन्ही मशीनवर खेळून बघितलं. मोठ्यावर ती अशी काही खुलली की दुकानातलं गिऱ्हाईक गोळा झालं. बोटं अशी पळत होती, जसं कुणी ज्वारी पाखडावी. खेळताना ओठ चावायची सवय तुझीच. तू सुईत दोरा ओवताना करतेस तसं. एक म्हातारे गृहस्थ प्रिंटरची शाई घ्यायला आलते. ते मला म्हणले, "पोरगी तुमची का?" मी म्हणलं, "हाव, माझीच." शिवशंकरनं त्यांना खुर्ची दिली, ते शेवटपर्यंत बसून बघत राहिले, शाई न घेताच गेले.

मग तिनं ते मोठं मशीन बॅगेत घातलं. वर चार्जर, तो काय नुसता चार्जर नाही, वीटच आहे. बॅग खांद्याला लावून ती दुकानातल्या दुकानात दोन चकरा मारून आली. खांदा एका बाजूला झुकला. म्हणली, "पप्पा, जड हाय."

मी म्हणलं, "अगं, कुठं न्यायचंय? टेबलावर तर राहणार."

ती माझ्याकडं न बघता बॅगेची चेन लावत उघडत राहिली. तेवढ्यात तू आलीस.

शिवशंकरला आपलं काही माहीत नाही. तो तुला "वहिनी, बसा, दमून आलात" म्हणला आन तुझी खुर्ची माझ्या खुर्चीला लावून ठेवली. तू बसलीस. चार वर्षांत आपण एवढ्या जवळ बसलो नव्हतो. तुझ्या हाताला दवाखान्याचा वास येत होता. त्यानं तिघांना उसाचा रस मागवला, आन तुला आलं चालत नाही म्हणून मी पोराला ओरडून सांगितलं, एक बिनआल्याचा. तू मान वर करून बघितलंस माझ्याकडं. मला वाटलं आता बोलशील. तू बोललीस, "वजन किती याचं?"

असू दे. मुद्द्याचं लिहितो. बारक्या मशीनची बॅटरी बरी आहे, हे मान्य. पण शिवशंकर सांगतो की बारकं असलं की आतल्या कार्डाला पुरती ताकद देता येत नाही, लवकर तापतं, मग आपोआप हळू होतं. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी खेळ. तुला पटतं का हे? तू विनाकारण हट्ट करणारी नाहीस, म्हणून विचारतो. काय कारण आहे?

मोठं मशीन बाजूला ठेवायला सांगितलंय त्याला. अजून घेतलेलं नाही.

जीवन


उमापूर, ८ जून

रोहिणी,

मागच्या पत्रात घेतलं नाही म्हणून लिहिलं, ते खोटं होतं. त्या शनिवारीच तुम्ही दोघी रिक्षात बसून गेलात आन मी परत दुकानात गेलो. मोठं मशीन मांडीवर घेऊन एस.टी.नं घरी आलो. आबांच्या खोलीत टेबलावर मांडलं, वर आईचं नवं लुगडं झाकलं.

मला वाटलं, एकदा तिनं बघितलं की तू काय, कुणीच नाही म्हणू शकणार नाही.

काल सकाळी ती आली. मी नुसतं दार उघडलं. तिनं लुगडं काढलं आन अशी ओरडली की वाड्यातली मेंढरं बुजली. दुपारपर्यंत ती त्या खोलीतून उठली नाही. आईनं भाकरीचे तुकडे करून तिच्या तोंडात घातले. मी दारात बसून होतो. स्क्रीनवर डोंगर काय, पाणी काय, गवताचं पातं न् पातं हलत होतं. मी म्हणलं, "ह्यात मेंढरं चारता येतील का गं?" ती हसली. म्हणली, "मी बनवते तसला गेम. तुमच्यासाठी."

मग काय झालं कुणास ठाऊक, खेळता खेळता तिचे हात थांबले. स्क्रीनवर तिचं माणूस नुसतं उभं होतं, त्याला कुणीतरी मारून टाकलं, तरी तिनं काही केलं नाही. बघितलं तर डोळ्यांतून पाणी चाललंय. आई म्हणली, "कावून रडायलीस बाई? कुणी काय म्हणलं का?"

तिनं कानातली वायर काढून ठेवली आन सांगितलं. जर्मनी. तुला तिकडच्या दवाखान्यात नोकरी मिळालीय. दोन वर्षं झाली तू ड्युटी करून ती भाषा शिकतेयस. परीक्षा पास झालीस. ऑगस्टमध्ये जायचं, ती बी तुझ्याबरोबर. विमानात हातातल्या सामानाचं वजन ठरलेलं असतं, म्हणून हलका.

मला वाटायचं ती अधूनमधून काहीतरी पुटपुटते ते खेळातलंच आहे. पोरगी माझ्यासमोर बसून जर्मन घोकत होती, आन मी समजत होतो गोळ्या मोजतीय.

"मम्मी सांगणार होती," ती म्हणली. "मीच म्हणलं, थांब. मला एकदा सुट्टीत नीट राहू दे पप्पांजवळ. सांगितल्यावर तुम्ही असे बसाल, मला माहीत होतं."

मी कसा बसलो होतो ते मला माहीत नाही.

मग म्हणली, तुमची सही लागते. अजून अठरा पूर्ण नाहीत म्हणून. वडिलांची संमती असल्याशिवाय व्हिसा होत नाही. कागद तिच्या बॅगेत होता, तिनं काढला नाही. आई उठून तिच्या बॅगेवरच जाऊन बसली. "न्हाई करायची सही," मला म्हणली. "पोरगी गेली की बाईबी गेली. मंग तू आन मी आन मेंढरं."

पोरीनं जाताना मशीन बंद केलं, वायर गुंडाळली, लुगडं परत झाकलं. कागद टेबलावर ठेवून गेली. सही करा म्हणली नाही. पत्रही मागून घेतलं नाही, म्हणून हे पोस्टानं पाठवतोय.

तुला मी काय लिहू? मोठ्या मशीनचं काम चांगलं आहे. पंखा थोडा वाजतो.

जीवन


उमापूर, २२ जून

रोहिणी,

सोबत कागद आहे. सही केली आहे. गेवराईला नोटरीकडं जाऊन केली, म्हणजे पुढं काही अडचण यायला नको. आधार कार्डाची झेरॉक्सही जोडलीय.

खरं सांगायचं तर मी नाही म्हणायला निघालो होतो. मंगळवारी सकाळी निघालो, कागद खिशात. ठरवलं होतं की दवाखान्यात तुझ्यासमोर उभा राहून म्हणायचं, पोरगी माझी बी आहे. रस्ताभर तेच पाठ करत आलो. चार वर्षांपूर्वी तू बीडला खोली केलीस तेव्हा म्हणलीस, वर्षभरात तुम्ही बी या. मी येणार होतो. मग आबांना लकवा झाला, अंथरुणाला खिळले. आबा गेले, तेव्हा तू परत विचारलंस. मी म्हणलं, बघू. रस्त्यात हे सगळं सोडून फक्त पोरगी माझी बी आहे एवढंच पाठ केलं.

दवाखान्यात तुझ्या वॉर्डातल्या बाईनं सांगितलं, सिस्टर जेवायला मागच्या जिन्यावर बसतात. मी गेलो. तू पायरीवर बसली होतीस. डबा उघडा मांडीवर, कानात वायर, समोर मोबाइल भिंतीला टेकवलेला. तुझा क्लास चालू होता. मास्तरीण काहीतरी विचारत होती, तू थांबून थांबून बोलत होतीस, हातानं हवेत काहीतरी दाखवत. मग काहीतरी चुकलं असणार. तिकडून मास्तरीण हसली आन तू हसलीस.

डोकं मागं टाकून. तोंडावर हात न ठेवता.

मी खांबाच्या अलीकडं होतो. तुला दिसलो नाही. मला शेवटचं ते हसू कधी बघितलं ते आठवेना. लई आठवायचा प्रयत्न केला. स्वप्ना तेव्हा रांगत होती का चालत होती, तेही नाही आठवलं. तू परत बोलायला लागलीस, डब्यातली भाजी तशीच. मी जिना न चढता परत आलो. येताना रसवंतीवर बसलो आन रस न पिताच उठलो, पैसे देऊन.

आई तीन-चार दिवस माझ्याशी बोलली नाही. काल म्हणली, "केलीस का सही?" मी हाव म्हणलं. तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं आन म्हणली, "तिला इकडचा मसाला करून देते. तिकडं काय मिळतंय."

मशीनचं: मोठं परत नेऊन दिलं. शिवशंकर खरा माणूस. कुरकुर केली नाही. मी त्याला कारण सांगितलं. तो बराच वेळ पुठ्ठ्याची खोकी रचत बसला, मग आतून एक खोकं काढून आणलं. म्हणला, "हे मागच्या सालचं मॉडेल हाय. बारकं, हलकं. कार्ड एक पायरी खालचं, म्हणून भाव उतरलाय. पोरीला विचार, चालंल का." तिथूनच तिला फोन लावला. तिनं चार प्रश्न विचारले, रॅम वाढवता येते का, स्क्रीन किती हर्ट्झ, चार्जर केवढा, तापल्यावर किती हळू होतं. शिवशंकर घाम पुसत उत्तरं देत होता. शेवटी म्हणली, "पप्पा, घ्या. मी सेटिंग कमी ठेवून खेळीन."

तर तेच घेतलं. एका हातानं उचलतं. तुला पाहिजे होतं तसं आहे.

जीवन


उमापूर, ९ ऑगस्ट

रोहिणी,

हे लॅपटॉपच्या बॅगेत पुढच्या कप्प्यात ठेवतोय, तुला सामान लावताना सापडेल.

लॅपटॉप सामानात टाकायचा नाही, हातात ठेवायचा. तपासणीला बाहेर काढून ठेवायला लागतो म्हणे, तेव्हा पोरीचं लक्ष नसतं, तू लक्ष ठेव. खेळताना गादीवर, गोधडीवर ठेवू द्यायचा नाही, खालून हवा घेतो तो. तिकडचं बटण-सॉकेट वेगळं असतं, शिवशंकरनं त्याची पिन फुकट दिलीय, ती चार्जरच्या पिशवीत आहे. मसाल्याची पिशवी बॅगेत घालायची नाही, तेल सुटतं. आईला सांगितलंय मी, तरी ती घालंल.

तुमची गाडी बीडहून निघून गेवराईला थांबते. मी स्टँडवर येतो. मुंबईपर्यंत येता का, असं तू स्वप्नाकडून विचारलंस. नको. आईला एकटं सोडता येणार नाही, मेंढरं आहेत.

स्वप्नाला खेळताना जेवणाची शुद्ध राहत नाही. तुला माहीतच आहे.

जीवन


उमापूर, ५ ऑक्टोबर

रोहिणी,

स्वप्नानं तुमचा पत्ता पाठवला, इंग्रजी अक्षरात. पाकिटावर मी तो दोनदा लिहिला, पहिल्यांदा चुकला. उमापूरच्या पोस्टात परदेशाचं पाकीट कुणी कधी टाकलेलं नाही. पोस्टमन म्हणला, गेवराईला जाऊन टाका. तर उद्या जाईन.

आधी तिचं. काल व्हिडिओ कॉलवर तिनं लॅपटॉप उचलून खिडकीशी नेला आन मला तुमची गल्ली दाखवली. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातानं दाखवतीय, हे झाड, ही ट्राम, हे माझं कॉलेज त्या बाजूला. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणली, "माणसं कुठं गेली सगळी?" तेवढ्यात मागून तू गेलीस, निळ्या स्वेटरात. थांबलीस. मी म्हणलं, "जेवलीस का?" तू म्हणलीस, "हो. तुम्ही?" मी म्हणलं, "हाव." मग चित्र अडकलं.

हे पत्र त्या दिवसाबद्दल आहे. गेवराईच्या स्टँडबद्दल.

गाडी लागली तेव्हा पोरगी आधी उतरली आन गळ्यात पडली. किती वेळ ते माहीत नाही, ड्रायव्हर चहाला गेला होता. आईनं तिच्या हातात मसाला दिला, तिनं तो लॅपटॉपच्याच बॅगेत घातला. मग ती आजीला घेऊन बाकावर बसली, आन तू उतरून माझ्याजवळ आलीस. मी म्हणलं, चार्जर घेतला का, पिन घेतली का.

तू म्हणलीस, "तुमची सगळी पत्रं वाचली मी. प्रत्येक पाकीट फोडताना वाटायचं, ह्यात असेल. वजन, पंखा, कार्ड, बॅटरी. 'रोहिणी, जाऊ नको.' एवढंच लिहायचं होतं. एका ओळीत बसलं असतं."

मी म्हणलं, "लिहिलं असतं तर राहिली असतीस?"

"माहीत नाही," तू म्हणलीस. "पण कुणीतरी थांबवू बघितलं, एवढं तरी घेऊन गेले असते."

ड्रायव्हर आला. कंडक्टरनं बेल मारली. तू चढलीस. स्वप्ना खिडकीतून हात बाहेर काढून ओरडत होती, तुझी खिडकी पलीकडच्या बाजूला होती. मी गाडीला वळसा घालून पलीकडं गेलो, तोवर गाडी हलली.

तेव्हापासून रोज रानात हेच डोक्यात आहे. उत्तर मला त्या वेळी देता आलं नाही. मी पटकन बोलणारा नाही, तुला माहीत आहे. आता देतो.

चार वर्षं तू बीडला बोलावत होतीस आन मी येत नव्हतो. आबांचं कारण खरं होतं, पण अर्धं. तिथं येऊन मी करणार काय होतो, रोहिणी? सकाळी तू ड्युटीला गेल्यावर खोलीत बसून राहिलो असतो. माझे हात मेंढरांशिवाय कशालाच नाहीत. मला त्या खोलीतल्या दुपारची भीती वाटायची. हे तुला सांगितलं असतं तर तू काहीतरी तोड काढली असतीस. मी सांगितलं नाही, आन तू समजलीस की मला तुझी गरज नाही.

हे झालं जुनं. पण तू विचारलंस ते ह्या उन्हाळ्याचं. जून लागेपर्यंत मला माहीतच नव्हतं की तू चाललीस. आन ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी तो कागद माझ्या टेबलावर आला. माझ्या सहीवाचून तुम्ही दोघी जाऊ शकत नव्हता. तो कागद खिशात ठेवून मी तुला जाऊ नको म्हणलो असतो, तर ती विनंती राहिली नसती. जनावराची वेसण हातात धरून त्याला विचारावं, थांबतोस का, तसं झालं असतं ते. तू थांबली असतीस तरी मला कधी कळलं नसतं की थांबलीस का अडकलीस. आन त्या जिन्यावर बसून तू परत कधी हसली नसतीस.

सही केल्यावर म्हणता आलं असतं. बावीस जूनच्या पत्रात म्हणता आलं असतं. लिहिलं होतं मी. मग वाटलं, आता तुझं मन मोडंल, व्हिसाची रांग, क्लास, पोरीची तयारी, त्यात हे. तेवढं पान काढून टाकलं आन लॅपटॉपचं लिहिलं. लॅपटॉपचं एका बैठकीत लिहून झालं.

तू म्हणलीस, कुणी थांबवू बघितलं नाही. ते मात्र खरं नाही. मी बघितलं. मोठं मशीन घेतलं, खोली रंगवली, वायर ओढली. मला तेवढंच येत होतं, आन तेही मी पोरीचं नाव घालून केलं, तुझं घालायची हिंमत झाली नाही.

आता कागद गेला. तुझी नोकरी लागली, पोरीचं कॉलेज लागलं. माझ्या हातात काही राहिलं नाही, आन माझ्या बोलण्यानं तुझं काही अडत नाही. म्हणून आज लिहितो.

रोहिणी, जाऊ नको.

उत्तर नाही दिलंस तरी चालंल. थंडी पडायच्या आत पोरीला चांगला कोट घे, आन तुलाही घे.

तुझा
जीवन